रुपाताईंनी लिहून घेतलेलं गाव

आमच्या गावच्या ग्रंथालयात रुपा नगराळे पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या हातात झाडू होता. त्याला आता बावीस वर्षं झाली. भीमपूर मंडलातलं, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्यातलं, पेनगंगेच्या काठचं हे गाव. नदीपलीकडं महाराष्ट्र, अलीकडं तेलुगू मुलखात आम्ही. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात जे जमेल ते. ग्रंथालय म्हणजे पंचायतीच्या शेजारची एक लांबट खोली, तीन लोखंडी कपाटं, दोन बाकं, छताला एक पंखा आणि सकाळच्या बसनं येणारे पेपर. तिथं झाडलोट करायला आणि माठ भरायला रुपाताईंना ठेवलं होतं.

त्या मराठी शाळेतून दहावी झालेल्या. वडील रामाजी आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात राबले, आई कापूस वेचायला जायची, आणि शाळेला सुट्टी असली की आईच्या मागं रुपाताईही. तेलुगू त्यांना बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. झाडून झालं की त्या पेपर उघडायच्या आणि मोठ्या मथळ्यांतलं एकेक अक्षर वहीत गिरवायच्या. अडलं की पेपर वाचायला आलेल्या म्हाताऱ्यांना विचारायच्या. वर्षभरात मथळे वाचता येऊ लागले, दोन वर्षांत आतल्या बातम्या. पुढं जुने ग्रंथपाल निवृत्त झाले, तेव्हा नवीन माणूस येईपर्यंत म्हणून चावी रुपाताईंकडे दिली. नवीन माणूस काही आला नाही. रजिस्टरं, पत्रव्यवहार, पुस्तकांची यादी, सगळं रुपाताई तेलुगूत लिहू लागल्या, आणि गाव त्यांना आपोआप ‘लायब्ररीवाल्या ताई’ म्हणू लागलं.

मी अमरदीप, इथल्या मराठी शाळेतला मास्तर. ही गोष्ट मी सांगतो आहे, कारण तिच्यात मीही थोडा आहे, आणि तो थोडा भाग फारसा मिरवण्यासारखा नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरात वरच्या कचेरीतून पत्र आलं. कोरोनाच्या काळात लोकांनी काय पाहिलं, काय सोसलं ते प्रत्येक ग्रंथालयानं गोळा करावं, पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवावं. सोबत तीस छापील फॉर्म. नाव, वय, गाव आणि ‘अनुभव’. अनुभवाला दहा ओळी.

रुपाताईंनी तेलुगूत आणि मराठीत पाटी लिहून दारावर लावली. तीन आठवड्यांत दोन फॉर्म भरून आले. एकात एका गृहस्थानं आपली पेन्शन अडल्याची तक्रार लिहिली होती. दुसरा माझा होता. मी ठेवणीतल्या अक्षरात लिहिलं होतं: स्वच्छता, अंतर, मुखपट्टी, प्रशासनाला सहकार्य.

रुपाताईंनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “सर, अक्षर लई सुंदर हाय. पण याच्यात तुमी कुठं हाय?”

मी तो फॉर्म घडी करून परत खिशात घातला.

त्या दिवशी त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली असावी. ज्यांना लिहिता येतं ते सांगत नाहीत, आणि ज्यांच्याकडं सांगण्यासारखं आहे ते फॉर्म भरायला येणार नाहीत. आमचं ग्रंथालय सकाळी अकराला बंद होतं आणि दुपारी चारला पुन्हा उघडतं. मधल्या पाच तासांत रुपाताई दोनशे पानी रजिस्टर पिशवीत घालून शेतांकडं निघाल्या.

कापूस वेचणीचे दिवस होते. बायका कमरेला ओटी बांधून ओळीनं पुढं सरकत होत्या, हात चालू आणि तोंडही चालू. रुपाताईंनी पिशवी बांधावर ठेवली, पदराची ओटी केली आणि त्यांच्या ओळीत शिरल्या. बायका हसल्या. “ताई, पुस्तकं सोडून इकडं काऊन?” पण रुपाताईंचे हात वेचणी विसरले नव्हते, हे पाहिल्यावर हसणं थांबलं आणि बोलणं सुरू झालं. दुपारच्या भाकरीला सगळ्या झाडाखाली बसल्या की रुपाताई रजिस्टर काढायच्या.

सगळ्यात पहिली गोष्ट सांगितली देवकाबाईंनी. सत्तरी ओलांडलेली बाई, एका पायानं अधू, पण वेचणीला कुणाला हार न जाणारी.

“माह्या लेकीचं सासर नदीच्या पल्याड,” त्या म्हणाल्या. “सारं बंद होतं तवा ती बाळंत झाली. पुलावर पोलीस. जाता येत नाई, येता येत नाई. बारशाच्या दिवशी जावई फोनवर म्हणे, नदीवर या. आमी या काठाले, ते त्या काठाले. पाणी गुडघाभर नसन, पण पाय टाकला का शिट्टी वाजे. लेकीनं पोराले वर धरलं. मले काई दिसे नाई, नुसतं पांढरं फडकं दिसे. तरी मी इकडून पाळणा म्हटला. सगळा म्हटला. नाव तिकडं ठेवलं, कुर्र आमी इकडून केलं.”

रुपाताई खाली मान घालून लिहीत होत्या.

“लिवलं?” देवकाबाईंनी विचारलं.

“लिवलं.”

“मंग वाचून दाखवा.”

रुपाताईंनी वाचलं. देवकाबाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि मध्येच हात वर केला. “मी फडकं म्हटलं. तुमी कापड लिवलं. फडकं करा.”

रुपाताईंनी ‘कापड’ खोडून ‘फडकं’ केलं. तिथून पुढं तोच नियम झाला. लिहून झालं की वाचून दाखवायचं, सांगणारा म्हणेल तसं बदलायचं, आणि तो ‘बराबर’ म्हणाला की मगच दस्तखत किंवा अंगठा. दहा ओळींचं बंधन त्यांनी पहिल्याच दिवशी सोडून दिलं होतं. कोणाची गोष्ट अर्ध्या पानाची, कोणाची सहा पानांची.

जानेवारी संपेपर्यंत अडतीस गोष्टी झाल्या. एके दिवशी शाळा सुटल्यावर रुपाताई रजिस्टर घेऊन माझ्या वर्गात आल्या आणि पोरांच्या बाकावर बसल्या.

“सर, हे सारं वाचा अन् मले सांगा तुमाले काय दिसते.”

मी दोन तास वाचत बसलो. काय दिसलं ते सांगायची मला हिंमत होईना. शेवटी त्याच म्हणाल्या, “पहिल्या सालाच्या गोष्टीत नागनाथ नावानं हाय. दुसऱ्या सालाच्या गोष्टीत तो ‘कोणीतरी’ हाय.”

हा नागनाथ म्हणजे रुपाताईंच्याच वस्तीतला. पुण्यात सिमेंटचा टेम्पो चालवायचा. २०२० च्या मे महिन्यात तो आणि त्याची बायको सपना कधी ट्रकनं, कधी पायी असे गावी परतले. घरी त्याची म्हातारी आई ताराबाई होती. दोन दिवसांनी नागनाथला ताप आला, तपासणीत कोरोना निघाला. गावातला पहिला. रजिस्टरमधल्या अकरा गोष्टींत ते वाक्य होतं: ‘नागनाथनं बिमारी आणली.’

पुढच्या वर्षी एप्रिलात मात्र दर दुसऱ्या घरात खोकला होता. अॅम्ब्युलन्स एक आणि बोलावणी शंभर, ती कुठं कुठं पुरणार? तरी आमच्या गावातले नऊ आजारी अदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात पोहोचले. त्या घरांच्या गोष्टी रजिस्टरमध्ये होत्या. एकात लिहिलं होतं ‘गाडी भेटली’. दुसऱ्यात ‘कसेबसे पोचलो’. तिसऱ्यात ‘कोणीतरी नेलं’.

“तुमाले माहीत होतं, सर, कोणी नेलं ते,” रुपाताई म्हणाल्या.

“होतं.”

“मलेही होतं,” त्या म्हणाल्या आणि रजिस्टर मिटलं.

दुसऱ्या दिवशी त्या नागनाथच्या घरी गेल्या. तो अंगणात टेम्पो धूत होता. त्यानं नळी बंद केली नाही.

“नागनाथभाऊ, तुमची गोष्ट पायजे.”

“लिवून काय भेटते, ताई?”

“काई नाई भेटत.”

“मंग राहू द्या.”

ओसरीवर बाजेवर ताराबाई बसल्या होत्या. त्यांनी रुपाताईंना जवळ बोलावलं. “रुपा, तुह्या त्या पुस्तकाच्या खोलीत पंखा होता ना वं?”

“होता, मावशी.”

“आमच्या टिनात नव्हता.”

रुपाताई उठून घरी आल्या.

हा पंख्याचा प्रश्न काय होता ते मला त्या संध्याकाळी कळलं, कारण रुपाताईंनी रजिस्टरमध्ये एकोणचाळिसावी गोष्ट लिहिली ती स्वतःची, आणि नागनाथकडं नेण्याआधी मला वाचायला दिली. ती मी इथं आहे तशी देतो.

‘मी रुपा नगराळे. नागनाथभाऊंना कोरोना निघाला त्या दिवशी लक्ष्मणराव पटेल माझ्याकडं ग्रंथालयाची चावी मागायला आले. गावात त्यांचा शब्द चालतो. ते म्हणाले, या तिघांना चौदा दिवस तुमच्या खोलीत ठेवू, तिथं नळ आहे, पंखा आहे. मी म्हटलं, पुस्तकं सरकारी आहेत, खराब होतील, वरून हुकूम आणा. हुकूम येणार नाही हे मला ठाऊक होतं. पुस्तकांचं कारण खोटं होतं. मला भ्या वाटलं. मग त्यांना गावाबाहेरच्या टिनाच्या शेडात ठेवलं. तो मे महिना होता. चौदा दिवस मी रोज ग्रंथालयाला कुलूप आहे का ते पाहून यायची. शेडाकडं एकदाही गेली नाही.’

मी वाचून परत दिलं. म्हटलं, “ताई, हे नाही लिहिलं तरी चाललं असतं. कोणाला माहीत नव्हतं.”

“मले माहीत होतं ना,” त्या म्हणाल्या. “मी दुसऱ्याची गोष्ट मागायले जातो, अन् माही झाकून ठेवतो. तसं कसं जमन?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी नागनाथच्या ओसरीवर उभ्यानंच ते पान वाचलं. नागनाथ, सपना, ताराबाई तिघंही ऐकत होते. वाचून झालं. मग सपना आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. नागनाथनं बाजेवरची गोधडी बाजूला सारली.

“बसा, ताई,” तो म्हणाला.

त्या दिवशी ग्रंथालय चारच्या ऐवजी पाच वाजता उघडलं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

नागनाथनं सगळं सांगितलं. शेडाभोवती बाभळीचे काटे कसे रचले होते, जेवण काठीच्या टोकाला पिशवी अडकवून कसं आत यायचं, आणि दुपारी टीन तापलं की सपना ओलं लुगडं आईच्या अंगावर कशी टाकायची. चौदा दिवसांनी ते बाहेर आले तरी कित्येक महिने कोणी त्याला काम देईना. शेवटी शेजारच्या गावातल्या एकानं दुधाचा टेम्पो चालवायला दिला.

मग दुसरं साल आलं. पहिल्यांदा त्याच्याच गल्लीतल्या एका बाईचा श्वास अडला. घरचे रस्त्यावर उभे राहून फोन लावत होते. नागनाथ दूध घालून नुकताच परतला होता. त्यानं रिकामे कॅन एका बाजूला सारले, मधे चटई टाकली. बाईला बसवत नव्हतं, म्हणून सपना मागं चढली आणि तिला धरून बसली. अदिलाबादपर्यंत. दुसऱ्या दिवशी आणखी एक. असे नऊ जण झाले. टेम्पोच्या मालकानं एवढंच सांगितलं होतं की रोज धुऊन ठेव, आणि नागनाथ तो दिवसातून दोनदा धुवायचा. नवांतले सात घरी आले. दोन आले नाहीत. त्या दोघांची नावं त्यानं थांबून, पूर्ण, आडनावासकट सांगितली, आणि रुपाताईंनी ती तशीच लिहिली. दोघांच्या चपला आणि पिशव्या त्यानंच परत आणून त्यांच्या घरी दिल्या होत्या.

“भ्या नाई वाटलं?” रुपाताईंनी विचारलं.

“लई वाटलं. म्हणे एकदा होऊन गेला का होत नाई, पण कोणाले खरं माहीत?”

“मंग काऊन गेले? गावानं तुमाले असं केल्यावर?”

नागनाथनं जरा विचार केला. “टेम्पो उभा होता, ताई. अन् मले चालवता येत होता.”

रुपाताईंनी ते वाचून दाखवलं. त्यानं एकही शब्द बदलायला सांगितला नाही. ताराबाईंनी मात्र सांगितलं, “सपनाचं बी नाव लिव. नुसतं ‘बायको’ नको लिवू.” रुपाताईंनी ‘बायको’ खोडून प्रत्येक ठिकाणी ‘सपना’ केलं.

गावात गोष्ट लपत नाही. आठवड्याभरात लक्ष्मणराव पटेल ग्रंथालयात आले. मी तेव्हा पेपर वाचत बसलो होतो.

“रुपाबाई, सारं लिवा, पण ते काट्याचं काढून टाका. वरचे लोक वाचतीन. गावाची इज्जत जाते.”

रुपाताई खुर्चीवरून उठल्या. त्यांचा आवाज जराही चढला नाही. “पटेल, गावाची इज्जत त्याच गोष्टीत हाय. काटे काढले तर ती बी निघून जाते. तुमी आधी पूर्ण वाचा.”

त्यांनी रजिस्टर उघडून पटेलांच्या पुढं ठेवलं. पटेल उभ्यानंच वाचू लागले. त्या नऊ आजाऱ्यांतले चौथे ते स्वतः होते, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यांनाही. पण एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं.

“माहं डोकं कोणाच्या मांडीवर होतं म्हणते हे?”

“सपनाच्या,” रुपाताई म्हणाल्या. “तुमची पोरं मोटरसायकलवर मागून येत होती. भ्याली होती बिचारी.”

पटेल बाकावर बसले. दवाखान्यात गेले तेव्हा ते शुद्धीत नव्हते. टेम्पोत पोरांनीच आपल्याला धरून नेलं, असं ते दोन वर्षं समजत होते. ते पान त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाले, “माहं बी लिवून घ्या.”

त्यांची गोष्ट रजिस्टरमध्ये सगळ्यात लहान आहे. ‘काटे तोडायला माणसं मी पाठवली. पुढच्या साली नागनाथच्या टेम्पोत मी दवाखान्यात गेलो. बरा होऊन घरी आलो. त्याच्या घरी अजून गेलो नाही.’ खाली दस्तखत.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी ग्रंथालयाच्या अंगणात वाचन ठेवलं. पंचायतीनं सतरंज्या दिल्या, शाळेतून मी माइक आणला. वीस-पंचवीस माणसं येतील असं वाटलं होतं. सगळं गाव आलं. नदीपलीकडून देवकाबाईंची लेक आली, कडेवर तीन वर्षांचा पोरगा घेऊन. ताराबाईंना पुढं खुर्ची दिली होती.

रुपाताईंनी एकेक गोष्ट वाचली. ज्याची गोष्ट असेल तो सावरून बसायचा, आजूबाजूला पाहायचा. सही न येणारी माणसंही आपलं वाक्य आलं की ओठ हलवून सोबत म्हणत होती. मीही नवं पान लिहून दिलं होतं. त्यात अंतर आणि मुखपट्टी नव्हती. शेडावरून रोज सायकलनं जाताना मी मान दुसरीकडं वळवायचो, ते होतं. ते वाचलं गेलं तेव्हा माझे विद्यार्थी माझ्याकडं पाहत होते. मी मान खाली घातली नाही.

स्वतःचं पान रुपाताईंनी नागनाथच्या आधी वाचलं. मग नागनाथचं. ते संपलं. एवढ्यात मागून देवकाबाईंचा आवाज आला, “ताई, नावं पुन्यांदा वाचा. इकडं आयकू आलं नाई.”

मला वाटतं त्यांना चांगलं ऐकू आलं होतं. रुपाताईंनी माइक जवळ घेतला आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, “नागनाथ अन् सपना.”

नागनाथ भिंतीला टेकून उभा होता. त्यानं सपनाकडं पाहिलं. ती सरळ समोर पाहत होती, ताठ मानेनं, आणि तिचे डोळे भरले होते. मग एक बाई उठली, तीच, जिला पहिल्यांदा नेलं होतं, आणि सपनाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग आणखी एक जण. सातही जण उठले. पटेल सगळ्यात शेवटी. ते आधी ताराबाईंसमोर गेले आणि हात जोडले.

“बस बाबा,” ताराबाई म्हणाल्या, “उभं नको राहू, तुही बी तब्येत नाजूक हाय.”

पुढचे दोन महिने रुपाताई सगळ्या सत्तेचाळीस गोष्टी तेलुगूत उतरवत बसल्या, कारण कचेरीला तेलुगू हवं होतं. ‘फडकं’ या शब्दाला तेलुगू शब्द शोधण्यात त्यांनी चार दिवस घालवले. अदिलाबादला सगळ्या ग्रंथालयांची बैठक झाली तेव्हा बाकीच्यांनी पाच-पाच, दहा-दहा फॉर्म आणले होते. रुपाताईंनी जाड बांधणीच्या दोन प्रती टेबलावर ठेवल्या, एक तेलुगू, एक मराठी. वरच्या कचेरीतल्या साहेबांनी त्या चाळल्या, मधलं एक पान पूर्ण वाचलं, आणखी एक वाचलं. मग तेलुगूत विचारलं, “हे तेलुगू कोणत्या शिक्षकाकडून करून घेतलं?”

“नेने, सार,” रुपाताई म्हणाल्या. मीच, सर.

साहेब म्हणाले, कचेरीला एक तेलुगू प्रत पुरे. रुपाताईंनी सांगितलं, सांगणाऱ्यांनी मराठीत सांगितलं आहे, दोन्ही ठेवायच्या असतील तर ठेवा, नाहीतर दोन्ही परत घेऊन जाते. दोन्ही राहिल्या. मूळ रजिस्टर आमच्या ग्रंथालयात आहे. तिसऱ्यांदा शिवावं लागलं, इतकं हाताळलं गेलं आहे.

मागच्या महिन्यात उटनूरकडच्या जंगलातल्या एका गावाहून भाग्यश्री आणि अर्पिता नावाच्या दोघी शिक्षिका रुपाताईंना भेटायला आल्या. त्यांच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी गोळा करायच्या होत्या, पण ती माणसं गोंडीत बोलतात. कोणत्या लिपीत लिहायचं, मराठी की तेलुगू, यावरच त्यांचं अडलं होतं.

“आधी बसून आयका तर,” रुपाताई म्हणाल्या. “लिपीचं मंग पाहू.”

मग त्यांनी रजेचा अर्ज लिहिला, ग्रंथालयाची चावी सपनाकडं दिली आणि त्या दोघींसोबत दुपारच्या बसनं उटनूरला निघून गेल्या.